फोन बदलला आणि नेमके पगाराच्या वेळी बँकेचे ॲप अडले. कारखान्यात रोकड किती ठेवावी?

प्रश्न : यंत्रमागधारक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल विणण्याचा लहान कारखाना आहे. माग चालवणारे, कांड्या भरणाऱ्या बायका, एक जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणारा) आणि शिलाई व घड्यांचे काम करणाऱ्या दोघीजणी धरून सोळा माणसे कामाला आहेत आणि आमच्याकडे पगार दर शनिवारी होतो. वडिलांच्या काळी शुक्रवारी बँकेतून रोकड आणायची, रात्री आईने पाकिटे भरायची आणि शनिवारी दुपारी वहीवर सही किंवा अंगठा घेऊन ती वाटायची, अशी रीत होती. गेल्या तीन वर्षांपासून मी अकरा जणांचे पगार मोबाईलवरून त्यांच्या खात्यात पाठवतो आणि उरलेल्या पाच जणांना रोख देतो. पाठवलेल्या प्रत्येक रकमेची नोंद आपोआप राहते, सुट्ट्यांसाठी धावाधाव करावी लागत नाही आणि कोणाला किती उचल दिली यावरून वाद होत नाही, त्यामुळे मी या व्यवस्थेवर समाधानी होतो.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी माझा फोन खाली पडून बंद झाला आणि मी त्याच संध्याकाळी नवा फोन घेतला. जुने सिमकार्ड त्यात घातले, बँकेचे ॲप उतरवून घेतले, पण ॲपला फोनची ओळख पटवण्यासाठी त्या सिमवरून जो संदेश जावा लागतो, तो दोनदा गेला नाही. तिसऱ्यांदा गेला, तेव्हा डेबिट कार्डाचा पिन विचारण्यात आला. कार्ड मी क्वचितच वापरतो, त्यामुळे गडबडीत तीनदा चुकीचा पिन टाकला गेला आणि कार्ड चोवीस तासांसाठी बंद झाले. शुक्रवारी संध्याकाळी ॲप एकदाचे सुरू झाले, तर नव्या फोनवरून पहिल्या दिवशी ५,००० रुपयांपेक्षा जास्त पाठवता येणार नाहीत, असा संदेश आला. दुसरा दिवस महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे शाखाही बंद. अकरा जणांचे मिळून ४८,००० रुपये द्यायचे होते, खात्यात त्याहून कितीतरी जास्त शिल्लक होती, आणि तरीही मला ओळखीच्या एका सूत व्यापाऱ्याकडून हातउसने पैसे घेऊन पगार करावे लागले. पगार संध्याकाळी सातला झाला. दुपारपासून थांबलेल्या बायकांच्या चेहऱ्याकडे मला पाहवत नव्हते, कारण आठवड्याचा बाजार त्याच पैशांवर ठरलेला असतो.

खात्यातून पैसे चोरीला गेले, तर काय करायचे याचे नियम आहेत, असे मी वाचले आहे. पण माझेच पैसे मला वेळेवर मिळाले नाहीत, तर ती हानी कोणत्या नियमात मोजली जाते? आई म्हणते, सरळ पाकिटांवर परत ये. मला तसे पूर्ण मागे जायचे नाही. तरी विचारतो, की ही सुरक्षेची कुलपे खरोखरच माझ्यासाठी आहेत का, आणि अशा प्रसंगासाठी जवळ रोकड किती ठेवावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : निवृत्त बँक अधिकारी, जुळे सोलापूर

तुम्हाला झालेला मनस्ताप मी समजू शकतो, कारण काउंटरच्या पलीकडे बसून अशा तक्रारी मी अनेक वर्षे ऐकल्या आहेत. तरीही ती कुलपे का आहेत, हे आधी सांगतो. आजचा चोर तिजोरी फोडत नाही. तो तुमचे खाते स्वतःच्या फोनवर उघडण्याचा प्रयत्न करतो. कोणी तुमच्याकडून ओटीपी काढून घेतला, किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने पाठवलेली फाइल उघडायला लावून फोनमधले संदेश वाचायला सुरुवात केली, तरी त्याच्या फोनमध्ये तुमचे सिम नसते. म्हणून ॲप सिमवरूनच संदेश पाठवायला लावते. चोराने खोटी कागदपत्रे देऊन तुमच्या क्रमांकाचे दुसरे सिमच काढले, तर तेही कुलूप उघडते, आणि तेव्हा पहिल्या चोवीस तासांची मर्यादा कामाला येते. स्वतःचा फोन अचानक मुका का झाला, हे खातेदाराच्या लक्षात येऊन त्याने खाते बंद करायला सांगावे, एवढा वेळ त्या मर्यादेमुळे मिळतो. युपीआयच्या नव्या नोंदणीला पहिल्या दिवशी ५,००० रुपयांची मर्यादा असते, ती याच कारणासाठी. तुम्हाला अडवणारा नियम आणि चोराला अडवणारा नियम एकच आहे, कारण त्या घडीला यंत्राला तुम्ही आणि तो सारखेच अनोळखी असता.

आता नियमांविषयी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसेच निर्देश दिले. आपल्या शहरात सहकारी बँकांचे खातेदार पुष्कळ असल्यामुळे हे आवर्जून सांगतो. बँकेची किंवा खातेदाराची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमच्यावर काहीच भार पडत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नेहमीच्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार येतो. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते, आणि चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते. मात्र ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. रोकडीला असे कोणतेच संरक्षण नाही. एसटी स्थानकावर खिसा कापला गेला, तर पोलिसांत तक्रार देता येते, पण पैसे भरून देण्यास कोणी बांधील नसते. गल्ल्यात बनावट नोट आली आणि तुम्ही ती बँकेत भरायला नेली, तर बँक ती जप्त करून पोच देते, मोबदला देत नाही.

तुमच्या अडचणीत मात्र एक सोपी गोष्ट तुमच्या हातून राहून गेली. धनादेश! शुक्रवारी शाखा उघडी होती. सेल्फ चेक, म्हणजे स्वतःच पैसे काढण्याचा धनादेश, लिहून तुम्ही रोकड काढू शकला असता, किंवा अकरा जणांची नावे आणि खाते क्रमांक यांची यादी धनादेशासोबत देऊन शाखेकडूनच पैसे पाठवता आले असते. दोन्हींसाठी फोन लागत नाही. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची सेवा, १६ डिसेंबर २०१९ पासून वर्षभर चोवीस तास चालते, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या बँकेत खाते असते आणि ते घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर संयुक्त नावाने चालू असते, तर शाखा बंद असलेल्या शनिवारीही पगार झाला असता. मी तुमच्या जागी असतो, तर एका आठवड्याच्या पगाराइतकी रक्कम अशा दुसऱ्या खात्यात ठेवली असती आणि कारखान्यात फार रोकड साठवली नसती. रोख पगार देताना एक लक्षात असू द्या, की एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरात सामान्यतः वजावटीला धरत नाहीत. आठवड्याच्या पगाराला ती अडचण येऊ नये.

एका बाबतीत मी बँकांची बाजू घेणार नाही. नवा फोन जोडल्यावर किती तास किती रक्कम पाठवता येणार नाही, हे खातेदाराला आधी समजले पाहिजे. ते सगळे उरकल्यानंतर सांगणे चूक आहे.

उत्तर २ : शेंगा चटणी व कडक भाकरी विक्रेत्या, होटगी रस्ता

साहेबांनी सांगितलेले सारे बरोबर असेल, पण सुरक्षेच्या नावाखाली माझे जे झाले ते मी इथे लिहिलेच पाहिजे. मी घरी शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकते, आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आमची विक्री सर्वांत जास्त होते. या वर्षी यात्रेत एका अनोळखी गिऱ्हाईकाने क्यूआर कोडवर ६४० रुपये भरले आणि माल घेऊन ते निघून गेले. तीन आठवड्यांनी माझे संपूर्ण खाते गोठवले गेले. शाखेत विचारल्यावर कळले, की ते ६४० रुपये परराज्यातल्या कोणा फसवल्या गेलेल्या माणसाच्या खात्यातून फिरत फिरत आले होते आणि तिथल्या सायबर पोलिसांच्या सूचनेवरून बँकेने कारवाई केली होती. फसवले गेलेल्या त्या माणसाविषयी मला वाईट वाटते, आणि त्याचे पैसे अडवण्यासाठी तातडीने पावले उचललीच पाहिजेत. परंतु ६४० रुपयांसाठी माझे एकतीस हजार का अडवावेत? शेंगदाण्यांच्या व्यापाऱ्याचे देणे थकले, मुलाची फी थकली आणि पाच आठवडे मी नणंदेकडून पैसे घेऊन धंदा चालवला. रोख घेतले असते, तर त्या नोटा माझ्याकडे कुठून फिरत आल्या हे कोणी विचारले नसते.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी, ज्याने माझे काम झाले ते सांगते. बँकेकडे तोंडी विचारत बसू नका. कोणत्या पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून, कोणत्या तक्रार क्रमांकावर आणि नेमक्या किती रकमेसाठी खाते अडवले आहे, हे लेखी मागा. मग त्या ठाण्याला ईमेलने विक्रीची पावती, मालाच्या खरेदीची बिले आणि दुकानाचा परवाना पाठवा, आणि गोठवणूक वादातल्या रकमेपुरतीच ठेवावी अशी विनंती करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तशाच स्वरूपाचा आदेश दिलेला आहे आणि माझ्या भाच्याने अर्जात त्याचा उल्लेख केला होता. आता मी धंद्याचे खाते वेगळे ठेवले आहे, त्यातली रक्कम दर दोन दिवसांनी काढून घेते आणि घरखर्चाच्या खात्याचा क्यूआर कोड कोणालाही दाखवत नाही. यात्रेतल्या अनोळखी गिऱ्हाइकांकडून शक्यतो रोखच घेते. यंत्रमागवाल्या दादांना माझे सांगणे एवढेच, की दोन आठवड्यांचा पगार भागेल इतकी रोकड घरात असू द्यावी.

उत्तर ३ : महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अशोक चौक परिसर

मी पगार देणाऱ्यांच्या नव्हे, घेणाऱ्यांच्या घरातली आहे. माझी आई कांड्या भरते आणि बाबा माग चालवतात, म्हणून ज्या पाच जणांना आपण रोख देता त्यांच्या बाजूने काही सांगावेसे वाटले.

बाबांना रोखच हवी असते. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, किराणा दुकानाची उधारी ते कारखान्यातून येताना वाटेवरच फेडतात, आणि खात्यावर पैसे आले तर ते काढण्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभे राहावे लागते. साध्या फोनवरूनही २०२२ पासून युपीआय करता येते, हे मी त्यांना दाखवले, परंतु फोनवरचा आवाज पिन मागू लागला की ते घाबरून फोन ठेवतात. कारण ‘फोनवर पिन सांगू नये’ हे आम्हीच त्यांना वर्षभर शिकवले होते. पिन सांगणे आणि पिन दाबणे यांतला फरक त्यांना अजून पटत नाही, आणि मला त्यांचा तो संशय मोडायचाही नाही, कारण उद्या खऱ्या भामट्याचा फोन आला तर तोच त्यांना वाचवील.

आईचे मत मात्र अगदी उलट आहे. पूर्वी तिचाही पगार रोख मिळत असे, आणि ती रोकड घरी येईपर्यंत कोणी ना कोणी उसनी मागे, नाहीतर घरात आल्यावर तिच्यावर सर्वांचा हक्क असे. तिचा पगार खात्यावर जमा होऊ लागला, तेव्हापासून माझ्या शिक्षणाचे पैसे वेगळे राहिले. त्या खात्याला पिन आहे आणि तो तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही. आपण ज्याला अडचण म्हणता, ते कुलूप तिला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचे म्हणून मिळाले. म्हणून माझी विनंती आहे, की रोख की खाते हे सर्वांसाठी एकदाच ठरवू नका. प्रत्येकाला, आणि बायकांना वेगळे बोलावून, विचारा. अर्धे रोख आणि अर्धे खात्यावर, असेही कोणी मागेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. धनादेशाची गोष्ट वाचून मी खरोखर खजील झालो. चेकबुक कपाटातच होते, पण तीन वर्षांत मी ते उघडलेले नव्हते. आता दुसऱ्या बँकेत पत्नीसोबत संयुक्त खाते उघडले असून ते तिच्या फोनवर जोडले आहे. त्यात एका आठवड्याचा पगार राहील. चटणीवाल्या ताईंचा अनुभव वाचल्यावर केवळ खात्यांवर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते, म्हणून एक आठवड्याची रोकडही घरी ठेवणार आहे. दोन आठवड्यांची ठेवण्याइतका आमचा व्यवसाय सैल नाही.

कालच्या शनिवारी मी सोळाही जणांना एकेक करून विचारले. रोख घेणाऱ्या पाच जणांपैकी दोन बायकांनी अर्धा पगार खात्यावर मागितला, आणि खात्यावर घेणाऱ्या एका वयस्कर विणकराने यापुढे रोख द्यावी असे सांगितले. तीन वर्षे तो कोणाला न सांगता नातवाकरवी पैसे काढून घेत होता आणि हे मला ठाऊकही नव्हते.

फोन जोडण्यापूर्वी मर्यादेची सूचना दिली जावी, अशी लेखी तक्रार मी बँकेकडे केली असून तिची पोच घेतली आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे अर्ज करीन, आणि जे उत्तर मिळेल ते इथे लिहीन.