सिनेमा मध्येच थांबवून समजावणाऱ्यांनो, रिमोट खाली ठेवा

रिळवाला (ठाणे पश्चिम)

परवा इथे 'शनिवारचं सिनेमा मंडळ कसं चालवावं' अशी एक पोस्ट आली. मुद्दा असा, की जुने सिनेमे आजच्या माणसाला एका बैठकीत झेपत नाहीत. तेव्हा दर वीस मिनिटांनी पॉज दाबायचा, दिवे लावायचे, 'आता दिग्दर्शकाला काय म्हणायचंय' ते सांगायचं आणि मग पुढे जायचं. खाली 'अगदी बरोबर'ची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण लांबत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' घ्या. 1957, 96 मिनिटं, जवळजवळ सगळा सिनेमा एका खोलीत. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने सुरुवातीचा भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून घेतलाय, मधला पातळीवरून आणि शेवटचा खालून. लेन्सची फोकल लेंथही वाढवत नेली. त्यामुळे भिंती जवळ सरकतात आणि शेवटी शेवटी छत दिसायला लागतं. हे कुणी मोजत बसत नाही, बघणाऱ्याचा जीव आपोआप गुदमरतो. आता विसाव्या मिनिटाला ट्यूबलाइट लावा, चहा फिरवा. डोळे ताजे झाले, खोली पुन्हा मोठी झाली, ल्युमेटची सगळी मेहनत बशीत सांडली. 'हाय नून'चं तर सांगायलाच नको. सिनेमा 85 मिनिटांचा आणि कथेतला काळही जवळपास तेवढाच. पडद्यावर घड्याळ पुढे सरकतंय आणि तुम्ही ते हाताने थांबवताय.

माझ्या मते पद्धत साधी आहे. आधी तीन मिनिटं परिचय: वर्ष, देश, लांबी आणि आपण कुठली आवृत्ती बघतोय. कथा सांगायची नाही. श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे बंद. मग दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही, चहा घ्यायचा. त्यानंतर चर्चा, पाऊण तासाच्या आत. पहिला प्रश्न 'आवडला का' असा विचारलात तर चर्चा हो-नाहीवर मरते. 'कुठलं दृश्य डोळ्यासमोर राहिलं' असं विचारा, लोक आपणहून बोलतात.

---

सीवूड्सकरीण

नाव रिळवाला आणि रिळाचाच हिशोब विसरलात? 16 एमएमचं 1600 फुटी रीळ सेकंदाला 24 फ्रेमने 44 मिनिटं चालतं. फिल्म सोसायट्यांकडे बहुतेक ठिकाणी एकच प्रोजेक्टर. म्हणजे दर पाऊण तासाला दिवे लागणार, रीळ बदलणार, लोक पाय मोकळे करणार आणि बोलणारही. या देशात दोन-तीन पिढ्या सत्यजित रे आणि जपानचा कुरोसावा असेच तुकड्यांत बघून शहाण्या झाल्या. सलग बघणं हे पवित्र असल्याचा शोध डीव्हीडीनंतर लागलाय.

दुसरं, संदर्भ. 'जाने भी दो यारों'मधल्या बागेला अंतोनियोनी पार्क म्हणतात. फोटो मोठा करत करत प्रेत सापडतं तो सगळा भाग इटालियन दिग्दर्शक अंतोनियोनीच्या 'ब्लो-अप' सिनेमाला मारलेला डोळा आहे. समोरच्या वीसपैकी दोघांना ते कळणार. उरलेल्या अठरांनी काय करायचं? दोन तास तोंडाला कुलूप लावून बसायचं?

---

रिळवाला

रीळ संपतं तिथे थांबायचे, बोलणाऱ्याच्या जिभेला खाज सुटते तिथे नाही. शिवाय रीळ बदलायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात कुणी प्रवचन देत नसे. अंतोनियोनी पार्कचं नंतर सांगा ना! ज्याला आधीच हसू आलंय त्याला पुन्हा येईल, ज्याला नाही आलं तो घरी जाऊन 'ब्लो-अप' शोधेल. विनोद थांबवून समजावला की त्याचं पोस्टमॉर्टेम होतं. आणि 'जाने भी दो'मध्ये प्रेत आधीच एक आहे, दुसरं नको.

पाय मोकळे करण्याचा मुद्दा मात्र मान्य. साठीपुढच्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसवणं अन्याय आहे. उशा ठेवा. पॉज हा त्यावर उपाय नाही.

---

ऐरोली_सेक्टर

अहो, मध्यंतर सिनेमाने स्वतः ठेवलं असेल तिथे थांबा, एवढं सोपं आहे. आपल्या हिंदी-मराठी सिनेमांत ते पटकथेतच लिहिलेलं असतं. 'सेव्हन सामुराई'मध्येही कुरोसावाने ठेवलंय, संगीतासकट.

खरा प्रश्न वेळेचा आहे. 'सेव्हन सामुराई' 207 मिनिटं. बहुतेक सोसायट्यांत दहाला हॉल बंद, म्हणजे साडेसहाला सुरू केला तर 9.57 ला संपतो. शनिवारी अर्ध्या लोकांना ऑफिस, ते साडेसातला घरी येतात. रविवारी ठेवावा तर हार्बरला किंवा ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक, ठाण्याचा माणूस वाशीला येत नाही आणि वाशीचा ठाण्याला जात नाही. लांब सिनेमे दोन आठवड्यांत, मध्यंतरापर्यंत एकदा आणि पुढचं पुढच्या शनिवारी, असे विभागावे लागतात. आता याला काय म्हणाल, आठवड्याचा पॉज?

---

पामबीच

दहाचा नियम लाउडस्पीकरचा आहे. बंद सभागृहात आतल्या आत वापरायला त्यात सूट आहे. तेव्हा सेक्रेटरीला नियम दाखवा. अर्थात आवाज भिंतीबाहेर गेला की निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, आणि सबवूफर स्लॅबमधून वरच्या मजल्यावर जातोच. नऊनंतर तो बंद करा, संवादांना त्याची गरज नसते.

---

घोडबंदरकर

पॉजवर रक्त आटवताय, पण बघताय कशावर? बहुतेक मंडळांत दुकानातून आणला तसाच टीव्ही लावतात. त्यात मोशन स्मूदिंग चालू असतं. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि 'सेव्हन सामुराई'तला तोशिरो मिफुने दुपारच्या मालिकेतला सासरा दिसायला लागतो. सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर सरळ तोच लावा.

दुसरा गुन्हा म्हणजे चौकट. 1953 च्या आधीचा जवळपास प्रत्येक बोलपट 1.37 चा असतो, म्हणजे रुंदी उंचीच्या 1.37 पट, चौरसाकडे झुकणारा. तो आजच्या टीव्हीच्या 16:9 चौकटीत ताणून भरतात. सगळे जाड.

---

नेरूळचा_नाना

65 इंची टीव्ही काय काळ्या पट्ट्या बघायला घेतात? पैसे पूर्ण स्क्रीनचे मोजायचे आणि दोन्ही बाजूंना शोकपट्ट्या. थोडं ताणलं तर कुणाचं काय बिघडतं? तुम्हा लोकांना सिनेमा बघायचाच नसतो, फूटपट्टी घेऊन बसायचं असतं.

---

घोडबंदरकर

आणा फूटपट्टी. 65 इंची टीव्ही 144 सेंटिमीटर रुंद आणि 81 उंच. 1.37 चं चित्र त्यात 111 सेंटिमीटर रुंद बसतं. ते 144 पर्यंत ताणलं की प्रत्येक चेहरा 30 टक्के रुंद होतो. मधुबालेला 30 टक्के रुंद करून बघायचं असेल तर खुशाल बघा, पण मग 'जुन्या सिनेमात सगळ्या नट्या जाड होत्या' असं चर्चेत म्हणू नका. हे वाक्य दर मंडळात कुणीतरी म्हणतंच.

झूम करणारे त्याहून थोर. 'कागज़ के फूल' (1959) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी ती रिकामी रुंदी मुद्दाम वापरलीय. एका टोकाला माणूस, बाकी अंधार आणि प्रकाशाचा झोत. 2.35 चं चित्र झूम करून 16:9 मध्ये कोंबलं की रुंदीचा जवळपास चौथा हिस्सा गेला. त्यात माणूसच जाऊ शकतो. मग उरतो अंधार आणि त्यावर तुमची चर्चा.

---

नेरूळचा_नाना

भाषा सांभाळा. प्रश्न पॉजचा होता, तुम्ही नट्यांवर आलात.

---

घोडबंदरकर

नट्यांना जाड तुम्ही करताय, मी नाही. असो.

---

पामबीच

टीव्हीवाल्यांनो, पंधरापेक्षा जास्त माणसं असतील तर प्रोजेक्टरला पर्याय नाही. आणि तिथे चुका दुप्पट होतात, म्हणून लिहून ठेवतो.

100 इंची 16:9 चित्र 221 सेंटिमीटर रुंद आणि 125 उंच. थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 असेल तर लेन्स ते पडदा 3.3 मीटर. आधी हे मोजा, मग खुर्च्या मांडा. उलटं केलं की शेवटच्या क्षणी प्रोजेक्टर तिसऱ्या रांगेतल्या काकांच्या मांडीवर येतो. चित्राची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर हवी, कारण बसलेल्या माणसाचं डोकं तिथपर्यंत येतं आणि सबटायटल नेमकी तळाशी असतात. सपाट फरशीच्या हॉलमध्ये हे चुकलं तर पहिल्या दोन रांगा सोडून बाकी सगळे सिनेमाऐवजी टकलं वाचतात. प्रोजेक्टर खाली ठेवून नाक वर करू नका. चित्राचा पतंग होतो, आणि प्रोजेक्टरच्या कीस्टोन सेटिंगने सरळ केला तर तपशील जातो. टेबलावर स्टूल चढवा. भिंत मॅट पांढरी चालते, ऑइलपेंटची नको, मध्ये चकाकणारा गोळा दिसतो.

ब्लूटूथ स्पीकर वापरू नका. आवाज 150 ते 200 मिलिसेकंद मागे पडतो, म्हणजे चार-पाच फ्रेम. तोंड मिटल्यावर शब्द येतो. साधी 3.5 एमएमची वायर घ्या. ती नसेलच तर व्हीएलसी प्लेअरमध्ये जे आणि के या कळा आवाज 50 मिलिसेकंदांनी मागेपुढे करतात.

सबटायटल. शनिवारी दुपारीच पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर जी आणि एच कळांनी सुटतो. पहिला जुळला आणि शेवटचा नाही, तर फाइल 25 फ्रेमची आणि व्हिडिओ 23.976 चा. मिनिटाला अडीच सेकंद घसरते, तासाभरात अडीच मिनिटं. तेव्हा कळा दाबत बसलात तर पाच मिनिटांनी पुन्हा तेच. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलून फाइल नव्याने सेव्ह करा. स्वतः मराठी सबटायटल केली असतील तर यूटीएफ-8 मध्येच सेव्ह करा, नाहीतर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. प्रत्यक्षात निम्मे पॉज यासाठीच दाबले जातात, दिग्दर्शकाला काय म्हणायचंय यासाठी नाही.

---

सीवूड्सकरीण

शेवटचं वाक्य कातिल. दंडवत.

पाल (टीव्हीची 25 फ्रेमची पद्धत) डिस्कचंही लिहा. 24 चा सिनेमा 25 ने पळवतात, 4 टक्के लवकर संपतो आणि आवाजाची पट्टी थोडी चढते. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' 96 ऐवजी 92 मिनिटांत संपला तर समजावं. रिळवाल्यांच्या सलगतेला हे चालतं का? चार मिनिटं तर आधीच चोरीला गेली.

---

तलावपाळी

अवांतर करतोय, पण कुणीतरी करायला हवं. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. कुरोसावा, ल्युमेट, अंतोनियोनी. मराठी एक नाव नाही! ठाण्या-नवी मुंबईत मराठी माणसं दर शनिवारी जमतात आणि 'कुंकू' कुणाला आठवत नाही? 1937 चा सिनेमा. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घड्याळाकडे बघा, 'हाय नून'च्या पंधरा वर्षं आधी शांतारामांनी घड्याळाला पात्र केलंय. 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' यादीत कधी येणार? की सबटायटल लागत नाहीत म्हणून ते क्लासिक नाहीत?

---

ऐरोली_सेक्टर

मुद्दा बरोबर, पण प्रत कुठली दाखवणार? जे सहज सापडतं त्यात कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का आणि चौकट कापलेली. शिवाय हक्कांचा प्रश्न. भारतीय सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. 'कुंकू' आणि 'कागज़ के फूल' त्यातून केव्हाच सुटले. 'सिंहासन' 1979 चा, म्हणजे 2039 संपेपर्यंत हक्कदाराची परवानगी हवी. सोसायटीच्या हॉलमध्ये तिकीट नसलं तरी ते घर नव्हे.

---

तलावपाळी

मग जे सुटलेत त्यांच्यापासून सुरू करा. 'संत तुकाराम' 1936 चा आहे. आणि फाळक्यांचं उपलब्ध आहे ते दाखवाल तेव्हा वेग बघा. मूकपट बहुधा 16 ते 18 फ्रेमने घेतलेले असत. 18 चं 24 ने चालवलं तर सगळं एक तृतीयांश जास्त वेगाने पळतं, आणि मग लोक हसतात ते फाळक्यांना नाही, ऑपरेटरला हसायला हवं. व्हीएलसीत वेग 0.75 करा.

---

रिळवाला

'कुंकू'ची सूचना घेतली. यादी करताना खरंच सुचलं नाही, चूक आहे.

सीवूड्सकरीणताई, तडजोड सांगतो. 120 मिनिटांच्या वरच्या, स्वतःचं मध्यंतर नसलेल्या सिनेमाला एक थांबा, दृश्य बदलून काळा पडदा येतो तिथे. जागा आधी बघून लिहून ठेवायची. सात मिनिटं, दिवे अर्धे, आणि सिनेमावर एक शब्द नाही. पाणी, बाथरूम, गुडघे.

---

सीवूड्सकरीण

म्हणजे पॉज चालतो, फक्त आम्ही बोललेलं चालत नाही. छान. मान्य आहे, पण अंतोनियोनी पार्क मी बाथरूमच्या रांगेत सांगणार.

---

नेरूळचा_नाना

ते ताणायचं बंद कुठून करतात? पिक्चर साइझमध्ये चार पर्याय दिसतायत.

---

घोडबंदरकर

'ओरिजिनल' किंवा 'फिट टू स्क्रीन' असलेला घ्या. '4:3' नको, तो एचडी फाइलमधलं चित्र उलटं बारीक करतो. 'झूम' तर नकोच.

---

नेरूळचा_नाना

केलं. सगळ्यांची तोंडं बारीक झाली. पट्ट्या मात्र अजूनही खुपतायत.