10 महिने गाडी उभी राहणार: भाड्याच्या शेडला पैसे घालावेत का? (जळगाव)

एरंडोलकर

राम राम मंडळी. कंपनीच्या कामासाठी डिसेंबर ते सप्टेंबर देशाबाहेर असणार आहे. गाडी 2017 ची पेट्रोल वॅगनआर, एमएच 19, 61 हजार किमी झालेली, कर्ज फिटलेलं. जळगावातलं भाड्याचं घर सोडतोय, त्यामुळे पार्किंगही जाणार. समोर तीन पर्याय आहेत.

एक, एमआयडीसीतलं पत्र्याचं शेड, महिना 1,500. खाली कोबा आहे, गेटला कुलूप असतं. मालक म्हणतो, "दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवू."

दोन, चोपड्याला मामांच्या शेतातलं गोडाऊन, फुकट. तिथे खतं असतात, ठिबकच्या नळ्या असतात आणि वेचणी झाली की कापूसही.

तीन, विकून टाकणे. डीलर 2 लाख 60 हजार म्हणतो. अशीच एक गाडी त्याच्याकडे 3 लाखांना उभी आहे.

रोजची ऑफिस-बाजाराची गाडी आहे, हौसेची नाही. अशा गाडीला 15 हजार भाडं घालणं शहाणपणाचं आहे का? आणि ठेवायचीच तर कशी ठेवायची?

---

दहाचा पाना

मामांचा मान ठेवून दुसरा पर्याय आधी खोडा. युरिया आणि पोटॅश हवेतलं पाणी ओढतात. त्यांची धूळ गाडीच्या खालच्या पत्र्यावर, ब्रेकच्या पाइपवर, वायरिंगच्या जोडांवर बसली आणि जूनची दमट हवा लागली की गंज सुरू. उभ्या गाडीवर ती धूळ धुतली जात नाही, हा खरा त्रास. कापसात सरकी असते आणि सरकीमागे उंदीर येतातच. शिवाय कापसाच्या ढिगाशेजारी पेट्रोल भरलेली गाडी म्हणजे आगीचा धोका दोन्हीकडून, गाडीला कापसाचा आणि कापसाला गाडीचा. जुलैत काही कारणाने गाडी बाहेर काढायची वेळ आली तर काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावरून ती ट्रॅक्टरनेच निघेल.

आता शेडवाल्याचं ते "पाच मिनिटं चालू करून ठेवू". हे त्याला स्पष्ट नाही म्हणून सांगा. स्टार्टरने खाल्लेला करंट पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये बॅटरीत परत जात नाही. इंजिन पुरतं तापत नाही, मग जळणातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून गंजतो. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. गाडी अजिबात चालू केली नाही तरी परवडेल, पण असं रविवारचं गुरगुरणं नको. चालवायची तर 15-20 किमी, सगळे गिअर वापरून, शेवटची दहा मिनिटं एसी लावून. नाहीतर तिला शांत झोपू द्या.

बॅटरीचं गणित समजून घ्या, कारण पहिली तीच जाते. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, इमोबिलायझर मिळून साधारण 25 मिलिअँपिअर ओढतात असं धरा. दिवसाला 0.6 अँपिअर-तास, महिन्याला 18. बॅटरी 35 ची असेल तर महिन्याभरात निम्मी. जीपीएस ट्रॅकर बसवला असेल तर त्याहून लवकर. निम्म्याच्या खाली बरेच दिवस राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी होत नाही. म्हणून तार सोडायचीच. 10 चा पाना घ्या, आधी काळी (निगेटिव्ह), मग लाल. परत लावताना आधी लाल. सोडण्यापूर्वी काचा वर करा. दार नंतर किल्लीने उघडतं का, तेही आधी पाहून घ्या.

तार सोडली म्हणून ती 10 महिने टिकेल असंही नाही. बॅटरी स्वतःची स्वतः उतरते आणि उन्हाळ्यात फार वेगाने. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. बॅटरी कोणाच्या तरी घरी सावलीत ठेवा आणि दर दीड-दोन महिन्यांनी 3-4 अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावा. काही तास स्थिर राहिल्यावर मीटरवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली गेली तर त्याच दिवशी चार्जिंगला. (फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते ही जुनी समजूत. आताच्या प्लास्टिकच्या डब्यांना ते लागू नाही.)

---

जमाखर्च

तांत्रिक बाजू वर आली आहे, मी फक्त पैशाचं बोलतो. बहुतेक जण इथे एक चूक करतात. "विकली तर 2.60 मिळतील, परत घ्यायला 3 लाख लागतील, म्हणजे 40 हजारांचं नुकसान, त्यापेक्षा 15 हजार भाडं बरं." पण 10 महिन्यांनी तीच 2017 ची गाडी 3 लाखांना नसेल. उभ्या गाडीचंही वय वाढतं. तेव्हा तिचा भाव 2 लाख 75 हजार धरा. मग फरक उरला 15 हजारांचा.

त्यात 2.60 लाख बँकेत 6.5 टक्क्यांनी ठेवले तर 10 महिन्यांचं व्याज 14 हजार. म्हणजे विकून परत घेण्याचा निव्वळ तोटा जवळपास शून्य. त्यावर नाव-बदलीचा आणि किरकोळ खर्च 3 हजार, आणि अनोळखी गाडी घेतल्यावर टायर, बॅटरी, क्लच यांपैकी काहीतरी निघतंच, त्याचे 20 हजार. एकूण साधारण 24 हजार.

ठेवायची तर भाडं 15 हजार, कव्हर-जाळी-चार्जर वगैरे 2 हजार, 10 महिन्यांचा विमा 6 हजार धरू. 23 हजार. म्हणजे बरोबरी!

आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला, पण पारडं कशाने झुकतं ते बघा. थेट गिऱ्हाईक मिळून 2.85 आले तर विकणं सरळ फायद्याचं. शेडवाला 2,500 मागू लागला तरी विका. कंपनीने मुदत दीड वर्षावर नेली तर भाडं, विमा आणि गाडीचं वय तिन्ही वाढणार, तेव्हाही विका. उलट, टायर नुकतेच टाकलेले असतील आणि गाडीचा प्रत्येक आवाज तुमच्या ओळखीचा असेल, तर ते 20 हजार तुमचे वाचतात आणि ठेवणं बरं पडतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. तुमचे टायर तेवढे जुने असतील तर परतल्यावर बदलावेच लागणार, तेव्हा तो खर्च ठेवण्याच्या बाजूलाही लिहा.

दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असता तर मी भाड्याचा विचारही करू दिला नसता. कोणाच्याही अंगणात, तार सोडून, विषय संपला.

---

सातपुडा पायथा

कागदांचं राहिलं.

विमा फक्त थर्ड पार्टीवर (दुसऱ्याचं नुकसान तेवढं भरून देणारा) आणू नका. 1000 सीसीच्या आतल्या गाडीला 2022 च्या दराने थर्ड पार्टी 2,094 रुपये आणि वर जीएसटी, म्हणून मोह होतो. पण उभ्या गाडीला धोका कशाचा? चोरी, आग, पुराचं पाणी. यातलं थर्ड पार्टीत काहीही येत नाही. शिवाय पॉलिसी संपून 90 दिवसांत स्वतःच्या गाडीचा विमा परत घेतला नाही तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. मुदत संपण्याच्या आधी ऑनलाइन भरा. मुदत उलटली की कंपनी गाडीची तपासणी मागते आणि तुम्ही तर इथे नसणार.

विकलीत तर नो क्लेम बोनस गाडीबरोबर देऊ नका, तो तुमचा असतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, ते 3 वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीला लावता येतं. नाव-बदलीच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून गाडी डीलरच्या हवाली केली म्हणजे झालं असं समजू नका. आरसीवर नाव बदललेलं बघितल्याशिवाय विमानात बसू नका. तोवर अपघात झाला तर नोटीस तुमच्या नावाने निघेल.

ठेवलीत तर पीयूसी बघा. तुमच्यासारख्या बीएस 4 (जुन्या प्रदूषण-निकषाच्या) गाडीला ती वर्षभराची मिळते, जाण्याआधी नवी काढून घ्या. एप्रिल 2019 आधीची गाडी आहे, तेव्हा नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर तेही उरकून घ्या. परिवहनच्या नोंदीत जो मोबाइल आहे तो परदेशात चालू राहील असा हवा. चलन आणि ओटीपी तिथेच येतात.

शेडवाल्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: गाडी नंबर, मीटरचं रीडिंग, चारही बाजूंचे फोटो, भाडं, आणि किल्ली कोणाकडे. किल्ली त्याच्याकडे असेल तर रीडिंगचा फोटो दर महिन्याला मागवा. आग विझवण्याचं नळकांडं आहे का आणि शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालतं का, हे भाडं ठरवण्याआधी विचारा.

---

एरंडोलकर

सगळ्यांचे आभार. टायर 2023 चे आहेत, गाडीत काही काम नाही, त्यामुळे ठेवण्याकडे कल आहे. चुलतभाऊ जळगावातच आहे, लायसन आहे, पण त्याच्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही. तो शेडमधून काढून फिरवू शकतो. मग किती दिवसांनी? टाकी फुल्ल ठेवू की रिकामी? आणि उंदरांचं काय करायचं?

---

तापीकाठचा

भाऊ असेल तर निम्मा प्रश्न सुटला. दर पंधरा दिवसांनी 20 किमी, भुसावळ रोडला सरळ जाऊन यायचं. मग बॅटरी काढायची गरज नाही, गाडी बाहेर काढायच्या दिवशीच तार लावायची आणि परत ठेवताना काळी तार सोडायची. एवढं त्याला एकदा करून दाखवा.

पेट्रोल: गाडी फिरणार असेल तर अर्धी टाकी ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी नवीन पेट्रोल भरत जा. एकदाही हलणार नसेल तर मात्र फुल्ल. आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत रिकामी जागा जितकी जास्त तितकी दमट हवा आत. पाणी बरंच जमलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं आणि पंप नेमका तिथूनच खेचतो. फुल्ल म्हणजे नोझल पहिल्यांदा सुटेल तिथपर्यंत. त्यावर ठासून भरलं तर पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या डब्यात (टाकीतली वाफ शोषणाऱ्या) जातं आणि तो डबा निकामी होतो.

हॅंडब्रेक ओढून ठेवू नका. पावसाळ्यात मागच्या ड्रमला शू चिकटतात आणि मग चाक ठोकून सोडवावं लागतं. पहिला गिअर टाका आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. टायरात 33 ऐवजी 40 पीएसआय, पण टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. फिरवताना भावाने हवा कमी करायची गरज नाही, फक्त वेग बेताचा ठेवावा. जॅक लावून गाडी उचलून ठेवण्याचा सल्ला मिळेल, 10 महिन्यांसाठी तो उद्योग नको.

जुलै-ऑगस्टमध्ये पुढच्या डिस्कवर तांबूस थर दिसेल. घाबरू नका, दोन-चार हलके ब्रेक मारले की जातो. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट चिकटली आहे असं समजून जबरदस्ती न करता मेकॅनिकला बोलवा.

---

दहाचा पाना

उंदीर. डॅशबोर्डात आणि सीटखाली डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत, एसीतून तो वास महिनोन्महिने जात नाही. विषाच्या वड्याही गाडीत नकोत, उंदीर ब्लोअरमध्ये जाऊन मेला तर डॅशबोर्ड खोलावा लागतो. तंबाखूची पुडी वास आहे तोवर चालते, म्हणजे काही आठवडे. खरा उपाय जाळीचा. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि सायलेन्सरच्या टोकाला बारीक लोखंडी जाळी तारेने बांधा, चिकट सापळे गाडीबाहेर चाकांजवळ ठेवा. बॉनेट उघडंच ठेवता आलं तर आणखी बरं, उंदराला अंधार आणि आडोसा लागतो. जाळी लावलीत तर स्टिअरिंगला चिठ्ठी अडकवा, "जाळी काढ, तार लाव". नाहीतर भाऊ जाळी न काढता स्टार्टर मारत बसेल.

कव्हरबाबत एकच गोष्ट. धुळीच्या गाडीवर घालू नका आणि प्लास्टिकचं आणू नका. आत दमट हवा कोंडली की रंगाला फोड येतात. धुऊन, पूर्ण वाळवून, सुती किंवा हवा खेळेल असं कापड. शेडला तिन्ही बाजूंनी भिंत नसेल तर मेच्या वाऱ्यात कव्हर फडफडून रंगावर ओरखडे पाडतं, तिथे बिनकव्हरची धुळकट गाडी परवडली.

जाण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदला, परत आल्यावर नव्हे. जुन्या ऑइलमधलं आम्ल 10 महिने बेअरिंगवर बसून राहायला नको.