वीज फक्त नसांपुरती नाही

अनेकजण म्हणतात की शरीराचा सगळा आराखडा डीएनएतच असतो, विजेचं काम नसा आणि हृदयापुरतंच. मला हे पटत नाही. प्लॅनेरिया हा चपटा कृमी घ्या. डोकं-शेपूट उडवून मधला तुकडा ठेवला, तर पुढे डोकं आणि मागे शेपूट बिनचूक उगवतं. जीवशास्त्रज्ञ मायकेल लेविन यांच्या गटाने असे तुकडे काही काळ ऑक्टॅनॉल या रसायनात ठेवले. शेजारशेजारच्या पेशी ज्या सूक्ष्म वाटांनी आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांची, देवाणघेवाण करतात, त्या याने बंद पडतात. काही तुकड्यांना दोन्हीकडे डोकी आली! खरी गंमत पुढेच आहे. हे दुडोके कृमी नंतर साध्या पाण्यात पुन्हा कापले, तरी परत दोन डोकीच. जनुकांना कुणी हातही लावला नव्हता.

माणसाच्या जखमेतही वीज असतेच. आयन इकडून तिकडे ढकलणाऱ्या पेशींमधल्या पंपांमुळे न फाटलेल्या त्वचेच्या आतबाहेर व्होल्टेजचा फरक असतो; कातडी फाटली की तिथून प्रवाह वाहू लागतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी तो १८४०च्या दशकात स्वतःच्या कापलेल्या बोटावर मोजला होता. २००६ साली संशोधक मिन झाओ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पेशी जखमेतल्या या विद्युत क्षेत्राची दिशा धरून जखमेकडे सरकतात, आणि क्षेत्र उलटं केलं की चक्क माघारी फिरतात.

अर्थात पेशीतून आयनांची ये-जा होते त्या आयन-वाहिन्या बनवतात जनुकंच, तेव्हा डीएनए मोडीत निघालेला नाही. आणि हो, यावरून ‘बायोइलेक्ट्रिक’ गाद्या विकणाऱ्यांच्या नादी कृपया लागू नका. त्या गाद्यांचा या प्रयोगांशी काडीचाही संबंध नाही.