पेल एलमध्ये संत्र्याच्या सालीचा वास कुठून आला?

वरूडचा बागवाला:
राम राम मंडळी. भाच्याकडं पुण्याले गेलो होतो, तो मले एका टॅपरूममधी घेऊन गेला. आपल्या इकडं बिअर म्हणजे ढाब्यावरची स्ट्राँग, जितकी गार तितकी भारी. तिथं तं फळ्यावर खडूनं नावं लिहून, नावापुढं दारूचे टक्के अन् आयबीयू, म्हंजे कडूपणाचं माप. वाढणाऱ्या पोट्ट्यानं आधी इवल्याशा गिलासात चाखाले देल्ली, मंग विचारलं कोणती भरू. म्या पेल एल नावाची बिअर सांगितली. 5 टक्के, आयबीयू 38.

रंग तांबूस, जरा गढूळ. गिलास नाकाजवळ नेला अन् थबकलोच. ताज्या संत्र्याचं सालटं नखानं मोडलं की जो बारीक फवारा उडते, डोळ्यात गेला तं चरचरते, तोच वास! फोडीचा नाही, सालीचा. जन्म बागेत गेला, हा वास मले कोणी शिकवू नये. कडू होती, पण कडुनिंबासारखी जिभेवर ठाण मांडणारी नाही. गिळल्यावर मागून येते अन् दुसरा घोट मागते.

पोट्ट्याले विचारलं, संत्रं टाकलं का रे? तो म्हणे, नाही काका, फक्त हॉप्स. मले पटलं नाही. कोणी जाणकार सांगन का? अन् दुसरं, आंबिया बहाराची चुरी, म्हंजे बारकी फळं, आमची मातीमोल जाते, व्यापारी हात लावत नाही. तिचं सालटं या धंद्यात चालन का?

हॉप्सवाला, पुणे:
काका, पोरगा खरं बोलला आणि तुमचं नाकही खरं. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. त्यातली कॅस्केड नावाची अमेरिकन जात 1972 मध्ये आली, तिचा वास थेट लिंबूवर्गीय फळांच्या सालीकडे जातो. संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य भरपूर असतं. हॉप्सच्या तेलात मिर्सीन हे दुसरं वासाचं द्रव्य जास्त, पण लिनालूल, जिरॅनिऑल अशी आणखी काही आणि थोडं लिमोनीनही असतं.

हॉप्स कधी टाकले यावर सगळं अवलंबून. उकळीच्या सुरुवातीला टाकून तासभर उकळले की कडूपणा उतरतो, पण वास वाफेबरोबर जातो. वास हवा असेल तर आंबवणं झाल्यावर टाकायचे, त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. तुमचा गढूळपणा बहुधा त्यातूनच, शिवाय टॅपरूमची बिअर बऱ्याचदा गाळलेली नसते. आणि फार गार पिऊ नका, वास दबतो. ढाब्यावरची बर्फासारखी चालते, कारण तिथे लपवायचंच जास्त असतं.

सेलूकर:
आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून आम्ही हा धागा वाचूनच चढवून घेऊन राहिलो. भाऊ, पुण्याले जाता तं निदान वास तरी नीट वर्णन करत जा, सालट्याचं बेस केलं.

हॉप्सवाला, पुणे:
सालीचं राहिलंच. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये, म्हणजे गव्हाच्या बिअरमध्ये, संत्र्याची साल आणि धणे घालतात, जुनी रीत आहे. तेव्हा वापर होतो, पण बिअरच्या मोठ्या हौदालाही साल थोडीच लागते. चुरीचा ट्रक खपेल अशी आशा धरू नका. आणि मेण लावलेलं फळ अजिबात नको.

वरूडचा बागवाला:
मेण तं ग्रेडिंगवाले लावतात, झाडावरच्या फळाले कुठून येईन? फवारणीचं मात्र खरं हाय. बांधावर काही झाडं बिनफवारणीची आहेत, घरच्यासाठी ठेवली. ट्रक नको, भाच्याच्या हाती पिशवीभर पाठवतो. वाळवून पाठवू का ओलं?

हॉप्सवाला, पुणे:
अख्खी फळंच पाठवा, इथे सोलतो. वरचा नारिंगी भागच घेणार, आतला पांढरा नुसता कडू. आणि तुमच्या संत्र्याची साल पातळ न् सुटी, ती किसताना वैताग येणार आहे, हे आत्ताच दिसतंय.

वरूडचा बागवाला:
किसू नका, चाकूनं तासा. माही बायको मुरब्ब्याले तसंच करते.