मदत हवी आहे: बाबांनी किटमधून जोडलेला जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा रेडिओ, खरखर येते पण स्टेशन नाही

खणभागकर
नमस्कार मंडळी. सांगलीच्या घरात माळा आवरताना बाबांनी कॉलेजच्या दिवसांत किट आणून जोडलेला मिडियम वेव्ह रेडिओ हाती लागला. माळ्यावर होता म्हणून २०१९ च्या पुरातून वाचला, खालचं सामान चिखलात गेलं. सोबत पोस्टाचे शिक्के मारलेलं लायसन्सचं पुस्तकही आहे. तेव्हा रेडिओ ऐकायला लायसन्स काढावं लागायचं हे आमच्या पोरांना पटतच नाही.

आतला माल: तीन एएफ११७ ट्रान्झिस्टर, एक ओए७९ डायोड, ड्रायव्हरला एसी१२६ आणि शेवटी स्पीकरसाठी एसी१२८ ची जोडी पुश-पुलमध्ये. दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, फेराइट रॉड (आतली एरियल), गँग (स्टेशन लावायचा कंडेन्सर). ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे सेलचं प्लस टोक अर्थला. सर्किटचा कागद घडीवर फाटलाय, नेमका आयएफच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या भागाच्या) जागी. सोल्डरिंग मात्र बघत राहावं असं, एकही डाग फुगलेला नाही.

सेल घातले की मंद खरखर येते. व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर लावून बोट टेकवलं की स्पीकरमधून चांगला मोठा घूं येतो. सुई कुठेही फिरवा, स्टेशन नाही. एका दुकानात दाखवला तर म्हणाले, "आतलं काढून टाका, रेडीमेड बोर्ड बसवून देतो." ते करायचं नाही. दुसऱ्या एकाने आयएफटीचे (आयएफच्या ट्रान्सफॉर्मरचे) स्क्रू फिरवून बघा म्हणून सांगितलंय. बाबांना विचारलं की ते फक्त "गँग साफ कर" म्हणतात. केली साफ. आता पुढे काय?

सोल्डरगन
आयएफटीला हात लावू नका! ते ४५५ किलोहर्ट्झवर बसवलेले असतात, आपोआप फिरत नाहीत. फिरवलेत तर सिग्नल जनरेटर शोधत बसाल. घूं येतो म्हणजे व्हॉल्यूमपासून पुढचं सगळं ठीक आहे. दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या तीन ट्रान्झिस्टरांत. एएफ११७ म्हटल्यावर माझा संशय सरळ मिशांवर आहे. डब्याच्या आत कथिलाचे केसाहून बारीक तंतू वाढतात आणि आतल्या तारांना शॉर्ट करतात. या मालिकेची, ११४ ते ११७, ही जुनी खोड आहे.

कृष्णाकाठ
आधी ऑसिलेटर चालतोय का बघा की ओ, सुईवरच्या स्टेशनपेक्षा ४५५ ने वरची लहर रेडिओच्या आत तयार करतो तो. दुसरा कुठलाही रेडिओ शेजारी ठेवून १२५१ किलोहर्ट्झवर लावा, आपल्या सांगली आकाशवाणीची जागा. मग या रेडिओची सुई पुण्याच्या ७९२ च्या आसपास अगदी हळू फिरवा. १२५१ वजा ४५५ म्हणजे ७९६. तिथं दुसऱ्या रेडिओत शिट्टी आली किंवा त्याची खरखर एकदम दबली, तर पहिला ट्रान्झिस्टर जिवंत आहे. डायल जुनी आहे, सुई थोडी इकडंतिकडं चालायची.

खणभागकर
दबली! सुई ८२० च्या जवळ असताना. म्हणजे पहिला ठीक. मग बाकी दोन कसे तपासू? आणि गेलेच असतील तर बीसी५५७ चालेल का? तोही एएफ११७ सारखा पीएनपी जातीचाच ट्रान्झिस्टर आहे.

सोल्डरगन
तसाच बसवून नाही चालणार. जर्मेनियमला बेसवर ०.२ व्होल्टच्या आसपास पुरतात, सिलिकॉनला ०.६ लागतात. तुमच्या बोर्डावरचे रेझिस्टर जर्मेनियमच्या हिशेबाने लावलेत, बीसी५५७ तिथे झोपूनच राहील.
आता तपासणी. सेल काढा. चार पायांतला एक शील्डचा, डब्याला जोडलेला, बोर्डावर अर्थला गेलेला. बाकीच्या तिघांपासून थोडं अंतर सोडून असतो तो कलेक्टर, शील्ड त्याच्या शेजारचा. शील्डचा पाय मध्येच कापा, मुळाशी नको, पुन्हा जोडता यायला हवा. मग डबा आणि उरलेले पाय यांत मल्टिमीटर लावा. कुठे शून्याजवळ ओहम दिसले तर मिशी सापडली.

खणभागकर
मधल्याचा डबा कलेक्टरला चिकटलेला निघाला. पाय कापून सेल घातले आणि बाई मराठीत बोलायला लागली. बाबा आतल्या खोलीतून "व्हॉल्यूम वाढव" म्हणून ओरडले. पण वाढवायला जागाच नाही, पूर्ण फिरवूनही आवाज बारीक आहे.

कृष्णाकाठ
भारी काम झालं भावा! आता इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदला, इतक्या वर्षांत ते सुकलेलेच असणार. पॉझिटिव्ह अर्थ आहे हे विसरू नका, कंडेन्सरचं प्लस टोक अर्थकडं येतं. नव्या बोर्डांची सवय असलेले हमखास उलटा लावतात. जुना काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

सोल्डरगन
एसी१२६ च्या एमिटरवरच्यापासून सुरुवात करा, आवाज बहुतेक तिथेच अडलाय. आणि तिसऱ्या एएफ११७ चा शील्डही आत्ताच कापून टाका. पुढे-मागे बदलायची वेळ आलीच तर एएफ१२७ शोधा, गुण तेच, डबा लहान.

खणभागकर
बोर्डावर १० आणि १०० मायक्रोफॅरडचे आहेत, १० व्होल्टचे. दुकानात १६ आणि २५ व्होल्टचेच मिळताहेत. ते चालतील ना?

सोल्डरगन
चालतील. व्होल्ट जास्त असला तरी हरकत नाही, कमी नको.