जुनी एसएसडी, नवी डबी: आधी ४१, मग ९००, मग ८०, मग गायब

कॅसेटवाली

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. पण तुकड्यातुकड्यांत लिहिला तर तुम्हीच "पोर्ट कोणता, केबल कोणती" विचारत बसाल, म्हणून सगळं एकदाच ओतते.

वडिलांनी मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर भरलेल्या २६ टेप मी फायरवायर कार्ड लावून संगणकात उतरवल्या. एकेक टेप तासाभराची, तासाला साधारण १३ जीबी, एकूण ३३८ जीबी. तासाची टेप उतरायला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. शिवाय दोन टेपांनी उतरवून झाल्या झाल्या मान टाकली. तेव्हा हा उद्योग पुन्हा होणे नाही आणि दुसरी प्रत हवीच.

जुना लॅपटॉप मोडीत काढताना त्यातली ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी वेगवान ड्राइव्ह) काढून ठेवली होती. तिच्यासाठी अॅल्युमिनियमचं एन्क्लोजर आणलं (एसएसडी आत बसवून यूएसबीने जोडायचं कवच; मी त्याला डबीच म्हणते). रिव्ह्यूंमध्ये सगळीकडे "सेकंदाला १००० एमबी" असा गजर होता. प्रत्यक्षात घडलं ते असं.

पहिल्या दिवशी फोनची सी-टू-सी केबल लावली. मस्त जाडजूड, वरून विणलेली. कॉपीचा वेग ४१ एमबी. कमी नाही, जास्त नाही, सुई जशी काही खिळ्याने ठोकलेली. वैतागून डबीबरोबर आलेली वीतभर, मरतुकडी केबल लावली, तर थेट ९००! पण ते सुख मिनिट-सव्वा मिनिटाचं. सुमारे ७० जीबी गेल्यावर वेग धाडकन ८० वर आला आणि तिथेच राहिला. वीसेक मिनिटांनी विंडोजने "टुंग" केलं आणि ड्राइव्हच नाहीसा झाला. डबीला हात लावला तर चटका बसला.

पोर्ट कॅबिनेटच्या पुढचा टाइप-सी. मूळ फायली आतल्या एनव्हीएमई ड्राइव्हवर आहेत, म्हणजे वाचायला तिकडून अडचण नसावी. फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फायली मांडायची पद्धत, एक्सफॅट. क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्ह तपासायचं साधन एसएसडीची तब्येत ९४ टक्के दाखवतं. आता डबी परत करू, की एसएसडीच गेलीय? आणि ती मरतुकडी केबल त्या पैलवान केबलपेक्षा वीसपट वेगवान कशी, हे कळल्याशिवाय मला झोप येणार नाही.


नुसता वाचक

माझ्याही डबीचं अगदी असंच. उत्तराच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली आहे.


तिरपा स्क्रू

ताई, आकडे नीट लिहिलेत म्हणून निम्मं निदान खुर्चीत बसूनच होतंय. यात एक आजार नाही, तीन आहेत, आणि तुम्ही तिघांचं मिळून एकच केसपेपर काढलाय.

४१ हा आकडा बघितला की मी दुसरं काही विचारतच नाही. यूएसबी २.० ची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट. आठाने भागलं की ६० एमबी, आणि देवाणघेवाणीचा खर्च वजा जाता हाती पस्तीस-चाळीसच उरतात. म्हणजे तुमची डबी त्या दिवशी यूएसबी २.० वर बोलत होती. टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे, आत काय भरलंय ते त्यावरून कळत नाही. फोनच्या चार्जिंगला मिळणाऱ्या बहुतेक सी केबलींत विजेच्या तारा असतात आणि डेटासाठी यूएसबी २.० ची एकच जोडी. वेगवान जोड्या घातलेल्याच नसतात. पैलवानाची जाडी विजेच्या तारांची आणि त्या विणलेल्या सदऱ्याची. मरतुकडीच्या आत सगळ्या जोड्या आहेत, आणि ती आखूड आहे तीही मुद्दामच: १० गिगाबिटचा सिग्नल लांबच्या साध्या केबलीत टिकत नाही, मीटरभराच्या पुढे कठीणच.

खात्री करायची तर यूएसबी ट्री व्ह्यू नावाचं छोटंसं फुकट साधन आहे. ते चालवा आणि दोन्ही केबली आळीपाळीने लावून बघा. एकीला "हाय-स्पीड" दिसेल, दुसरीला "सुपरस्पीडप्लस". हाय-स्पीड हे नाव ऐकून हुरळून जाऊ नका, ते २.० चंच नाव आहे. यूएसबीवाल्यांना नावं ठेवता येत नाहीत, म्हणून आपण त्यांना नावं ठेवायची. २००८ साली ३.० आलं, २०१३ मध्ये त्याचंच ३.१ जेन १ झालं, २०१७ मध्ये ३.२ जेन १. वेग तिन्हींचा तोच, ५ गिगाबिट. एकाच पोराचं तीनदा बारसं, आणि दर वेळी खोक्यावर असा थाट की घरात नवीन मूल आलंय.

५ गिगाबिटवर फार तर ४५० एमबी मिळतात. तुम्हाला ९०० दिसले म्हणजे पोर्ट, केबल आणि डबी हे तिघंही १० गिगाबिटवर धड बोलताहेत. डबी परत करू नका.

७० जीबीनंतरची घसरण हा एसएसडीचा स्वभाव. लॅपटॉपबरोबर आलेली ५१२ जीबीची आहे, तेव्हा बहुधा क्यूएलसी असावी, म्हणजे एका पेशीत चार बिट. चार बिट ठासून लिहायला फार वेळ लागतो. म्हणून कंट्रोलर (एसएसडीचा कारभार बघणारी चिप) काही मोकळ्या पेशी पेशीला एकच बिट अशा पद्धतीने वापरतो. घाईत आलेलं सामान ओसरीवर टाकायचं आणि सवडीने आतल्या कोठीत लावायचं, तसं. तुमची ओसरी ७० जीबीची. ती भरली की येणारं प्रत्येक पोतं थेट कोठीत न्यावं लागतं, मग ८०. ड्राइव्ह जितका भरलेला, तितकी ओसरी आणखी आखूड.

आता रिव्ह्यूंचं. क्रिस्टलडिस्कमार्क हे वेग मोजायचं साधन काही न बदलता चालवलं तर १ जीबीची चाचणी पाच वेळा करतं. ७० जीबीच्या ओसरीवर १ जीबीचं गाठोडं ठेवून "काय प्रशस्त घर आहे!" म्हणण्यातला प्रकार. रिव्ह्यू वाचताना सलग दोन-तीनशे जीबी लिहिल्याचा आलेख दिलाय का, तेवढंच बघावं. नसेल तर तो खोक्यावरचा मजकूर पुन्हा टाइप केलेला समजावा.

गायब होण्याचं मात्र मला इथून सांगता येणार नाही. पंखासाहेब येतीलच.


गारठलेला पंखा

आलो.

चटका बसला ही खरं तर चांगली खूण आहे. डबीचं अॅल्युमिनियम गरम होतंय म्हणजे थोडी तरी उष्णता बाहेर येतेय. पण आत किती आहे ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो तब्येत दाखवतंय त्याअर्थी डबीतली ब्रिज चिप (यूएसबी आणि एसएसडीमधली दुभाषी) आतली माहिती बाहेर पोचवतेय, तेव्हा तापमानही दिसेल. कॉपी चालू असताना ते उघडं ठेवा. सत्तरच्या पुढे जाऊन चढतच राहिलं तर संशय पक्का.

आता एक प्रश्न विचारतो, रागावू नका. डबीबरोबर उष्णता डबीकडे नेणारा जो मऊ थर्मल पॅड आला असेल, त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकची फिल्म असते. ती काढलीत का? आणि पॅड कंट्रोलरवर बसलाय ना? नुसता मेमरी चिपांवर ठेवला तर जो सर्वांत जास्त तापतो तोच उघडा राहतो.

दुसरा संशय विजेवर. एसएसडीच्या लेबलवर ३.३ व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. २.५ असेल तर गुणाकार सव्वाआठ वॉट. हा जास्तीत जास्तचा आकडा आहे, सतत इतकं लागत नाही. पण जुन्या चौकोनी टाइप-ए पोर्टची यूएसबी ३ ची हमी ५ व्होल्टला ०.९ अँपिअरची, म्हणजे साडेचार वॉट. टाइप-सी पोर्ट १५ वॉटपर्यंत देऊ शकतो, मात्र प्रत्येक पोर्ट देतोच असं नाही. शिवाय कॅबिनेटचा पुढचा पोर्ट आत एका केबलीने मदरबोर्डला जोडलेला असतो, म्हणजे वाटेत आणखी एक सांधा. मागचा पोर्ट थेट बोर्डावर असतो.

दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर दोषी कोण ते कायमचं गुलदस्त्यात राहील. आधी पॅड. पोर्ट तोच ठेवा.

आणि हो, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडून क्रमांक १५७ शोधा. डिस्क अचानक काढली गेली की ती नोंद पडते. वेळ जुळते का बघा.


शून्य_बिट

वरचं सगळं ठीक. पण मूळ बेत तपासायला हवा. पुन्हा न मिळणारं चित्रण एसएसडीवर घालून कपाटात टाकणार असाल तर थांबा. एसएसडीत डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज नसताना तो हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेकचं (चिप-उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) मानक बंद अवस्थेत ३० अंशांना एक वर्ष इतकंच मागतं.

आणखी एक. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी ते टिपून ठेवायची सोय, नाही. कॉपी चालू असताना ड्राइव्ह असा गचकला तर नोंदवही अर्धवट राहण्याची भीती असते. फक्त विंडोजवरच वापरणार असाल तर एनटीएफएस (विंडोजचं, जर्नल असलेलं फॉरमॅट) करा.


तिरपा स्क्रू

शून्यराव, ते एक वर्ष लेखनक्षमता पूर्ण संपलेल्या ड्राइव्हसाठी आहे. ताईंचा ९४ टक्क्यांवर आहे, तो त्यापेक्षा बराच टिकेल. हे अर्धंच वाक्य सांगून लोकांना घाबरवतात म्हणून लिहिलं. बाकी एक्सफॅटबद्दल शंभर टक्के सहमत. आणि एकटी एसएसडी कपाटात टाकू नये, याबद्दलही.


शून्य_बिट

मान्य, अट लिहायला हवी होती. पण "बराच" म्हणजे किती याची हमी तुम्हीही देत नाही आहात. :)


कॅसेटवाली

मंडळी, निकाल घेऊन आले आहे.

पंखासाहेब, मी रागावले नाही, पण अर्धा तास कोणाशी बोलले नाही. फिल्म होती. वरची काढली होती, खालची, एसएसडीकडची, तशीच. निळसर, इतकी पातळ की नखानेच कळली. म्हणजे मी एसएसडीला रेनकोट घालून वर "गारवा मिळो" म्हणत होते.

फिल्म असताना मुद्दाम एकदा पुन्हा कॉपी लावून बघितली (शास्त्र म्हणजे शास्त्र). तापमान ८१ ला गेलं आणि अठराव्या मिनिटाला टुंग. लॉगमध्ये १५७ ची नोंद अगदी त्याच मिनिटाची. मग फिल्म काढली, पॅड कंट्रोलरवर सरकवला, पोर्ट पुढचाच ठेवला. एनटीएफएस करून सगळ्या ३३८ जीबी परत लावल्या. तापमान ५८ च्या वर गेलं नाही आणि एकदाही गायब झाला नाही. विजेवरचा संशय तेवढ्यापुरता निकालात. तरी खाज म्हणून अॅडॅप्टर नसलेल्या एका जुन्या हबमधून लावून पाहिलं, तर पाच मिनिटांत टुंग! म्हणजे पंखासाहेबांचा दुसरा संशयही खोटा नव्हता, फक्त माझ्या पोर्टवर लागू नव्हता.

८० ची घसरण मात्र डोकं थंड असूनही ७० जीबीलाच आली, अगदी ठरलेल्या थांब्यावर. म्हणजे ओसरीच. यूएसबी ट्री व्ह्यूमध्ये पैलवान "हाय-स्पीड" निघाला. त्याच्यावर मार्करने "फक्त चार्जिंग" लिहून टाकलं. झोप लागली.

नंतरची गंमत सांगायलाच हवी. शून्य_बिटांचं ऐकून तिसरी प्रत एका जुन्या साडेतीन इंची फिरत्या डिस्कवर घ्यायचं ठरवलं. नुकतीच फॉरमॅट केलेली, रिकामी. वेग १७० ला सुरू झाला, हळूहळू १४० पर्यंत उतरला, बस. पूर्ण कॉपी ३७ मिनिटांत. एसएसडीला किती लागली होती? ५८. ज्या घरघरणाऱ्या डिस्कला मी म्हातारी म्हणून बाजूला ठेवलं होतं, ती त्या चकचकीत डबीच्या आधी घरी पोचली.

कॉपी दोन्ही वेळा टेराकॉपी या साधनाने केली आणि शेवटी पडताळणी लावली. त्याला पुन्हा तेवढा सगळा डेटा वाचावा लागतो, पण २६ पैकी २६ जुळल्या.

एक शंका उरली. एसएसडीची ओसरी रिकामी करायला मला काही करावं लागतं का?


तिरपा स्क्रू

काही नाही. कॉपी संपल्यावर लगेच उपटू नका, वीज चालू ठेवून थोडा वेळ तशीच पडू द्या. कंट्रोलर सवडीने सामान आत लावतो. पुढच्या वेळी साठ-साठ जीबीचे हप्ते करून मधे विश्रांती दिलीत तर ८० चं तोंड कमी वेळा बघावं लागेल. आणि विंडोजच्या ऑप्टिमाइझ ड्राइव्हज मध्ये ती एसएसडी म्हणून दिसत असेल तर अधूनमधून ते चालवा. ब्रिज चिपला जमत असेल तर त्यातून ट्रिम पोचतं, म्हणजे पुसलेल्या जागा मोकळ्या झाल्याचं ड्राइव्हला कळतं.


शून्य_बिट

फिरती डिस्क १४० च्या खाली गेली नाही म्हणजे ती एसएमआर नसावी. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात आणि तिलाही स्वतःची एक ओसरी असते. नवी डिस्क घेताना मॉडेलच्या माहितीपत्रकात सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) लिहिलंय का बघा. नाहीतर पुढच्या वेळी हाच धागा डिस्कच्या नावाने काढाल.


नुसता वाचक

आत्ताच माझी डबी उघडली. दोन्ही बाजूंना फिल्म होती.