टोयोटा जीटी८६: कॅट-बॅक की हेडर?

प्रश्न: २०१३ ची जीटी८६. साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएममध्ये टॉर्क (इंजिनाची ओढ) पडतो. नुसता कॅट-बॅक (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे कॅटच्या, मागचा पाइप आणि सायलेन्सर) बदलून भागेल का?

प्रतिसाद: नाही हो. कॅट-बॅकने आवाज बदलेल, वजन थोडं घटेल. टॉर्कचा तो खड्डा तसाच राहील. इक्वल-लेंग्थ हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे सारख्या लांबीचे पाइप) आणि सोबत ईसीयू (इंजिनाचा संगणक) ट्यून हवंच. मुख्य कॅट हेडरमध्येच असतो, त्यामुळे बिनकॅटचा लावलात तर पी०४२० कोड (कॅट नीट काम करत नसल्याचा इशारा) येईल, प्रदूषण चाचणीतही अडकाल. कॅटवालाच घ्या.

प्रतिसाद: अनइक्वल (असमान लांबीच्या) हेडरला सुबारू गाड्यांची ती घुमणारी घरघर मिळते, टॉर्कसाठी इक्वलच.

प्रतिसाद: हेडर बसवताना गॅस्केट (जोडातली सील) नवेच टाका, जुन्यातून गळती होते. ओ२ (ऑक्सिजन) सेन्सरला आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा; जबरदस्ती केलीत तर आटे जातात. सगळे नट आधी हातानेच बसवा, पाइप सरळ आल्यावर आवळा.